भवानीची नोट

नमस्कार मंडळी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसतो. बायको म्हणते, फारच उर्मटपणे हसता! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण जे घडलं ते घडलं.

१९९९ साल. आम्ही हुबळीत उणकलला राहायचो, तळ्याच्या अलीकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत. अप्पा गेलेले. आई लोकांचे ब्लाउज शिवायची. माझं बी.एड. चालू होतं, परीक्षेची फी चारशे ऐंशी रुपये. आईनं पाचशेची नोट माझ्या हातावर ठेवली. लग्नासाठी परगावाहून आलेल्या एका बाईनं सगळ्या शिलाईचे पैसे एकदम दिले होते. नोटेच्या कोपऱ्याला आईच्या बोटाची हळद लागलेली.

कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कनं ती उजेडाला धरली आणि परत सरकवली. "खोटी आहे रे. उद्या बारापर्यंत दुसरी आण, नाहीतर वर्ष गेलं."

आईला काय सांगणार? डोळे फोडून शिवलं होतं हो तिनं! रात्रभर विचार करून मी ठरवलं — नोट खपवायची.

युक्तीही सुचली. सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी. त्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे दुकानदार शक्यतो परत पाठवत नाही. त्याचे पैसे डोळ्यांना लावून देवाच्या फोटोपुढे ठेवतो, निरखत बसत नाही. अभ्यासात कधी चाललं नाही तेवढं डोकं तिथे चाललं बघा.

सकाळीच कमरीपेठ गाठली. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. पहिलं दुकान किराण्याचं. नोट अजून खिशातच होती, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, तोच मालक कानडीत खेकसला, "परत आलास? एकदा सांगितलं ना, खोटी आहे म्हणून? भवानीच्या वेळेला तमाशा नको, म्हणून सोडलं तुला!"

मला वाटलं, माणसाची चूक होतेय. पुढच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. तिथला म्हातारा नुसता हात जोडून म्हणाला, "अण्णा, आत्ताच नाही म्हटलं ना. जा बाबा."

तरी तिसऱ्या दुकानात शिरलो. सांगतो ना, गरज माणसाला निर्लज्ज करते. हळद-कुंकू, उदबत्त्यांचं छोटंसं दुकान, गल्ल्यावर एक अज्जी. मला बघून हसली, कानडीत धाकट्या भावाला मारतात तशी 'तम्मा' हाक मारली.

"काय तम्मा, उदबत्ती विसरलास ना? सुट्टे तेवढे घेऊन पळालास!"

तिच्या मागे देवीच्या फोटोपुढे पाचशेची नोट होती. कोपऱ्याला हळद. मी खिशात हात घातला... माझी नोट खिशातच होती. तिच्याही कोपऱ्याला हळद.

"रडत होतास," अज्जी म्हणाली. "परीक्षा आहे म्हणालास. दे नीट, काळजी करू नको."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की अज्जी, ती नोट खोटी आहे. तिनं पुढे केलेला उदबत्तीचा पुडा घेतला आणि सरळ पळालो.

वाटेत माझ्याकडची नोट फाडून गटारात टाकली. कॉलेजात गेलो ते क्लार्कचे पाय धरायला. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आता काय? फी भरलीस ना मघाशी? पावती इथेच टाकून गेलास." पावतीवर माझं नाव. रजिस्टरात माझी सही. माझीच — 'र'ला मी देतो तसला वेडावाकडा फाटा कुणाला जमेल?

मी पास झालो. वर्षभरात नोकरी लागली. पहिल्या पगारातली पाचशेची खरी नोट घेऊन कमरीपेठेत गेलो. अज्जीनं नोट माझ्याकडे परत ढकलली.

"अरे, मागच्याच आठवड्यात देऊन गेलास की! पाया पडलास, केवढा रडलास. कितीदा देशील?"

"अज्जी, तो मी नव्हतो."

"माझे डोळे अजून चांगले आहेत, तम्मा," ती म्हणाली. किती विनवलं, पण तिनं पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दुकान बंद होतं. अज्जी गेली होती.

भास म्हणाल, तर ती पावती आजही माझ्या फाइलमध्ये आहे. आईला अजून वाटतं, पोराची फी आपल्या शिलाईच्या पैशांनी भरली. मी तिला काही बोललेलो नाही.

नोट खपवली त्यानं, त्या दुसऱ्या 'मी'नं. पैसे परत केले, पाया पडला, तेही त्यानंच. पण अज्जी विश्वासानं बोलत असताना गप्प राहून जो पळाला, तो मात्र मीच होतो. त्या पळण्याची अज्जीकडे माफी मागायची राहूनच गेली.