माळ्यावरचं गाठोडं

आमच्या मालकांचा अंगठा सरकी काढायच्या रेच्यात सापडला तेव्हा मी शेजारीच बसले होते, आणि त्यावर कापूस मीच दाबला. आधीच सांगून टाकते, उगाच कोणी मला भोळी म्हणायला नको.

कापसाला तेव्हा असा भाव आला होता की सारं वऱ्हाड येडं झालं होतं. अकोटाकडून अकोल्याला गाड्यांची रीघ लागलेली. आमच्या घरात हा हातरेचा दिवसभर कुरकुरायचा. वजन भरावं म्हणून मालक कापसावर पाणी शिंपडत आणि वरून गोठ्यापुढची माती भुरभुरत. "सारेच करून राह्यले," म्हणत. मी भांडले, पण जीव तोडून नाही भांडले. घरच्या वातींसाठी एक स्वच्छ गाठोडं तेवढं माळ्यावर चढवून ठेवलं. एवढाच माझा शहाणपणा!

अंगठा चेंगरला, रक्त आलं. माळ्यावर चढायला वेळ कुठला? हाताशी होता तोच ढिगातला बोळा दाबला, वर चिंधी बांधली. रक्त चटकन थांबलं. "काई नाई होत मले," म्हणत ते पुन्हा रेच्यावर बसले.

तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. अंग तव्यासारखं तापलं, हुडहुडी थांबेना. मग पायांवर जांभळे ठिपके उठले. सासूबाई म्हणाल्या, देवी आली, आणि दाराला कडुलिंब बांधला. पण हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा त्यांनीच वैद्यांना बोलावणं धाडलं. ते पाहून मला खरं भ्या वाटलं.

अकोटाहून वैद्य आले. त्यांनी चिंधी सोडली, तर थांबलेलं रक्त पुन्हा वाहू लागलं. त्यांनी ते वाटीत धरलं. मी वाटीपुढे बसून राहिले. आता साय धरेल, मग धरेल. घटका उलटली तरी पाण्यासारखं पातळ!

"बाई, जखमेचं इष साऱ्या अंगात भिनलं," वैद्य हळूच म्हणाले. "रक्त गोठाचंच इसरलं."

तेवढ्यात मालकांनी हाक मारली.

"अवं, कोन्या गाठोड्यातला कापूस लावला होता तू?"

"माळ्यावरचा," मी म्हणाले.

त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. "मंग ठीक हाय. मले वाटलं, माह्याच हातानं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. बायका जमल्या. नाकात घालायला कापूस पाहिजे, असं कोणीतरी म्हणालं, आणि शेजारीण रेच्याजवळच्या ढिगाकडे वाकली.

"हात नको लावू त्याले!" मी अशी ओरडले की रडणाऱ्यासुद्धा थांबल्या. मग मी शिडी लावली आणि माळ्यावर चढले.