गच्चीवरच्या तीन पट्ट्या

पेंटरांनी शेवटचा बोर्ड हाताने रंगवला त्याला चौदा वर्षं होऊन गेली, तरी सगळे त्यांना पेंटरच म्हणतात. आमच्या यांच्या दुकानात ते छपाईचं मशीन चालवतात. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, रस्त्याकडेचे मोठे फलक, सगळं त्या मशीनच्या तोंडातून हळूहळू सरकत बाहेर येतं आणि पेंटर कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभे राहतात. सासऱ्याने नव्या जावयाकडे बघावं तसं. तक्रार नाही, पण भरवसाही नाही.

बायको गेल्यापासून ते बहिणीकडे राहतात. कानामागे कायम पेन्सिल. रंगांना त्यांनी स्वतःची नावं दिली आहेत. नुसतं लाल म्हणणार नाहीत; हा औषधाच्या दुकानाचा लाल, तो आग विझवण्याच्या नळकांड्याचा लाल. एकदा आमच्या यांनी संगणकावर आकडे जुळवून एका पाटीचा हिरवा पक्का केला होता. पेंटरांनी लांबूनच बघून म्हटलं, यात निळा चिमूटभर जास्त पडलाय. यांनी हट्टाने पुन्हा तपासलं, तर खरंच जास्त होता. त्या दिवसापासून दुकानात रंगाबद्दल शेवटचा शब्द पेंटरांचा. पगार सगळ्यांनाच मिळतो, पण शेवटचा शब्द एकट्याचा असतो, आणि त्यावर त्यांची मान ताठ असायची.

हे लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली. रोज संध्याकाळी देवासमोर दिवा लावला की चार ओळी वहीत लिहायच्या, असा माझा बावीस वर्षांचा नेम आहे. काय झालं, कोण आलं, कोणाला काय बोलले. देवाला सगळं ठाऊक असतं, पण आपल्याला ठाऊक आहे हे त्याला कळावं म्हणून लिहायचं, असं मला वाटतं. त्याच वहीने मला तोंडघशी पाडलं.

गेल्या वर्षी दुकानातलं जुनं मशीन थकलं. नवं घ्यायचं ठरलं तेव्हा हे रोज वेगवेगळी माहितीपत्रकं घेऊन घरी यायचे आणि जेवताना मला वेगाचे आकडे वाचून दाखवायचे. पेंटरांना त्या आकड्यांचं काही नव्हतं. ते म्हणाले, मशीन किती पळतं ते विकणारा सांगतो, ते बसलं की कोण धावून येतं ते मी विचारून येतो. मग त्यांनी गावभर हिंडून ज्यांच्याकडे अशी मशीन आहेत त्यांची दुकानं पालथी घातली. मालकांना नाही भेटले. मशीन चालवणाऱ्यांना चहाच्या सुट्टीत गाठलं. दोन दिवस दुकान बंद राहिलं तर शाईची भोकं बुजतात का, ती साफ करताना शाई किती वाया जाते, वासाने डोकं धरतं का, एका खिडकीवर भागतं का.

शेवटी तीन मशीन उरली. विक्रेत्यांकडे जाताना पेंटरांनी आपलं चित्र आणि आपल्याच दुकानातली व्हिनाइलची, म्हणजे ज्यावर छापतात त्या प्लॅस्टिकची, गुंडाळी काखेत मारून नेली. म्हणाले, त्यांचं चित्र त्यांच्या चकचकीत कागदावर छान दिसणारच, त्यात काय नवल. आपल्या चित्रात त्यांनी मुद्दाम अडचणीच्या गोष्टी घातल्या होत्या: माणसाचा चेहरा, मुंगीएवढी अक्षरं, सपाट लाल चौकोन. छापून आलं की नखाने खरवडायचे, स्पिरिटचा बोळा फिरवायचे, आणि डोळे मिटून हुंगायचे. एक विक्रेता यांना म्हणाला म्हणे, तुमचा माणूस मशीन घेतोय की खरबूज?

पण खरी परीक्षा उन्हाची. पेंटरांनी मला समजावून सांगितलं होतं, की उन्हात पिवळा आणि गुलाबी आधी जातात, निळा आणि काळा मागे राहतात, म्हणून जुन्या जाहिराती निळ्या पडतात. आमच्या गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं. एका रविवारी येऊन त्यांनी तिन्ही छापे पांढऱ्या बोर्डाच्या पट्ट्यांवर चिकटवले, प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि कठड्याच्या भिंतीला ओळीने टांगले. एक, दोन, तीन. सोळा आठवडे ठेवायचे. दर रविवारी ते बघायला येणार, आणि माझ्याकडे चहा घेऊन जाणार.

तिसऱ्या पट्टीवर मात्र विक्रेत्याने उरलेल्या जागेत आपल्या मनाने देवाचं चित्र छापून दिलं होतं. हसरा चेहरा, लाल ओठ, पिवळं वस्त्र. मी कपडे वाळत घालायला गेले की तो माझ्याकडे बघायचा. भर दुपारी, भिंतीला टांगलेला. पुढच्या रविवारी मी पेंटरांना म्हटलं, हे बरं दिसत नाही हो, देव असा उन्हात. ते चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "वहिनी, ऊन त्यानेच केलंय. त्याला सवय असेल."

हे मोठ्याने हसले. मीही हसले. पण मंगळवारी वर गेले तर देवाच्या कपाळावर कबुतराने घाण केली होती.  ओल्या फडक्याने पुसलं, पट्टी काढली, खाली आणली आणि देवाच्या फळीवर मागच्या बाजूला उभी केली. शनिवारी वाटलं, पेंटर उद्या येतील, पट्टी दिसली नाही तर पुन्हा चेष्टा होईल. रविवारी उजाडताच ती नेऊन टांगली. ते गेले, की संध्याकाळी पुन्हा खाली.

असं प्रत्येक आठवड्याला. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, ते मी वर लिहिलंच आहे. मी मनाची समजूत घातली, की तिन्ही मशीनच आहेत, कुठलं का येईना. देवाची सेवा करतेय म्हटल्यावर मला कोणाला विचारावंसंच वाटलं नाही.

निवडीच्या रविवारी पेंटरांनी तिन्ही पट्ट्या आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि काळे कागद सोलले. पहिलीचा लाल चौकोन विटलेल्या गुलाबासारखा झाला होता. दुसरी थोडी उतरली होती. झाकलेल्या आणि उघड्या भागांमध्ये पुसटशी सीमा दिसत होती. तिसरीवर सीमा जवळजवळ नव्हतीच. हे खूश झाले, कारण तिसरं मशीन वेगात सगळ्यांच्या पुढे आणि किमतीत सगळ्यांत कमी. पेंटर खूश नव्हते. त्यांनी पट्टी खिडकीशी नेली, तिरकी धरली, नख फिरवलं. म्हणाले, ही शाई नखाला लगेच येत होती, इतकी तग धरेल असं वाटलं नव्हतं, माझा हात दुसरीवर जातोय आणि डोळा तिसरीवर.

मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, या पट्ट्या कोणी हलवल्या नाहीत ना?"

मी कप विसळत होते. हे समोर बसले होते. मी म्हटलं, "नाही."

एवढंच. कप पुसून जागेवर ठेवला. पेंटरांनी मान हलवली आणि म्हणाले, मग डोळ्याने दिसतंय ते नाकारायचं कसं. तिसरं मशीन आलं.

पहिले पाच-सहा महिने कौतुकाचे गेले. मग लहान मुलांच्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या दारावर हसऱ्या बाळाचा मोठा बोर्ड होता, आणि बाळ निळसर पडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, आया दारातच थबकतात, मी आत बरं करायला बसलोय आणि बाहेर हे. त्यानंतर एक रंगविक्रेता आला, म्हणाला, माझ्याच बोर्डाचा रंग उडाला तर माझ्याकडून रंग कोण घेणार. मग तक्रारींची रांगच लागली. बोर्ड उतरवायचे, पुन्हा छापायचे, हात जोडायचे.

त्या सुमारास मी डबा द्यायला दुकानात गेले होते. हे कोणाचा तरी फोन ठेवून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पेंटर, आता एकदा डोळे तपासून घ्या."

 कटिंग करणाऱ्या बाईंनी खाली बघून मोजपट्टी सरळ केली. मीही डबा ठेवला आणि निघाले. त्या दिवशीच्या वहीत मी लिहिलंय: भाजीत मीठ जास्त पडलं. बाकी काही लिहिलेलं नाही.

पेंटर खरंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत. त्यांचा विश्वास बसला नाही. हट्टाने चष्मा करून घेतला. रविवारी यायचे बंद झाले. आणि एकदा मी दुकानाच्या दाराशी असताना आतून त्यांचा आवाज ऐकला. कटिंगवाल्या बाईंना विचारत होते, "जरा बघता का, हा लाल लालच आहे ना?"

मी आत न जाता परत फिरले. घरी येऊन देवासमोर बसले, पण नजर फळीच्या मागच्या बाजूला जात राहिली. पट्टी तिथेच होती. परीक्षा झाल्यावर मीच मागून घेतली होती, देवासाठी म्हणून. लाल ओठ, पिवळं वस्त्र, सगळं नव्यासारखं. एका माणसाच्या डोळ्यांतला भरवसा काढून मी हा रंग जपला होता. हात जोडले, पण काय म्हणायचं ते सुचेना.

मग वह्या काढल्या. त्या मंगळवारी लिहिलं होतं: देवाला खाली आणलं, पेंटरांना सांगितलं नाही. पुढे दर रविवारी: सकाळी वर, संध्याकाळी खाली. अक्षरही किती नीटनेटकं. चुकीचं काही चाललंय असं त्या अक्षराकडे बघून कोणी म्हणालं नसतं. फक्त निवडीच्या दिवसाच्या पानावर माझ्या "नाही"चा पत्ता नव्हता. पाहुणे आले, पाऊण लिटर दूध लागलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही आणि पट्टी पिशवीत घालून दुकानात गेले. हे आतल्या खोलीत होते. पेंटर मशीनपाशी. रस्त्यात चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात येईना. म्हटलं, "पेंटरदादा, तिसरी पट्टी मी हलवली होती."

त्यांनी हात पुढे करून मशीन बंद केलं. छपाई मध्येच थांबली की आडवी रेघ पडते आणि तुकडा वाया जातो, हे मला त्यांनीच सांगितलेलं. आजवर मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि उभ्यानेच वाचायला घेतली. पानं उलटत गेले, कानामागची पेन्सिल काढून वाया गेलेल्या तुकड्यावर रेघा मारत गेले.

"नऊ दिवस आणि चौदा रविवार," ते म्हणाले. "तेवीस दिवस ऊन. एकोणनव्वद दिवस सावली."

मी मान हलवली.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

त्यांनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. मग चष्मा काढून घडी घालून खिशात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मी चष्मा केला हो, वहिनी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आज घरी गेल्यावर यांना सगळं सांगते. त्यांनी मान हलवली.

"घरी नको. मला जिथे बोलले तिथे सांगा."

कटिंगवाल्या बाईंची कात्री थांबली होती. मी यांना हाक मारून बाहेर बोलावलं आणि मशीनसमोर उभं राहून सगळं सांगितलं: कबुतर, फळी, रविवार, आणि कप विसळताना म्हटलेला तो शब्द. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटत होता. यांनी वही घेतली, उलटी-सुलटी चाळली, आणि अवघडून हसत म्हणाले, "म्हणजे आपलं मशीन देवाने निवडलं म्हणायचं."

बाई हसल्या. पेंटर हसले नाहीत. म्हणाले, "देवाने नाही."

 हे माझ्याकडे बघेनात, पेंटरांकडेही बघेनात. थोड्या वेळाने स्वतः जाऊन तिघांसाठी चहा सांगून आले. माफी मागायची त्यांची तीच पद्धत आहे. पेंटरांनी चहा घेतला. मी घेऊ शकले नाही.

निघताना पेंटरांनी पट्टी मागून घेतली. मला वाटलं, फेकून देणार. पण रविवारी, कितीतरी महिन्यांनी, ते घरी आले, सरळ गच्चीवर गेले, आणि ती पट्टी पूर्वीच्याच जागी टांगली. शेजारी दुसरी, त्यांनी जपून ठेवलेली. तिसरीचा अर्धा भाग पुन्हा काळ्या कागदाने झाकला; दुसरीचे दिवस भरले होते, म्हणून ती पूर्ण झाकली. म्हणाले, हिचे एकोणनव्वद दिवस राहिलेत, ते भरू देत, मला माझ्यापुरतं बघायचंय. मग कानामागची पेन्सिल काढली आणि तिसऱ्या पट्टीच्या कडेने भिंतीवर बारीक रेघ ओढली, चारी बाजूंनी. जरा जरी हलली तरी कळावं म्हणून. माझ्यासमोरच ओढली. दुसरीला ओढली नाही.

चहाला थांबले नाहीत.

आज सत्तावन्नावा दिवस. कपडे वाळत घालून झाले की मी भिंतीसमोर उभी राहून तिथेच हात जोडते. ओठांचा लाल जवळजवळ गेला आहे. वस्त्र आता पांढुरकं दिसतं आणि चेहरा त्या बाळासारखा निळसर होत चालला आहे. काल पुन्हा कपाळावर घाण होती. मी ओलं फडकं घेऊन गेले आणि पट्टी धरू की नको करत उभी राहिले. मग एका हाताने कडा दाबून धरली, दुसऱ्या हाताने अलगद पुसलं, आणि खाली वाकून बघितलं. पट्टी रेघेच्या आतच होती.