पेटलेल्या रानातला त्सिवुने

त्सिवुनेची आणि माझी ओळख झाली ती त्याने माझे दोन दात पाडले तेव्हा.

आमच्या बेटाच्या दक्षिणेत सलग चार वर्षं पाऊस पडला नव्हता. तिकडचे अंतान्द्रुई लोक बायकापोरं, पातेली आणि कुऱ्हाडी घेऊन आमच्या सकलावांच्या मुलखात येत होते आणि मक्यासाठी रान तोडून जाळत होते. आमच्या गावच्या जंगल-समितीने सहा जणांना राखणीला नेमलं होतं, त्यातला मी एक. माझ्या हातात काठी होती. समोर हा काटकुळा माणूस, पाठीवर कुऱ्हाड आणि हातात भाला.

"हे रान आमच्या पूर्वजांचं आहे," मी म्हणालो.

"मग त्यांना सांग, मला जेवायला घाला," तो म्हणाला आणि भाल्याचा दांडा माझ्या जबड्यावर बसला.

नंतर गावकीत भांडण मिटवताना कळलं की त्याचं कूळ आणि माझं कूळ एकमेकांचे झिवा लागतात. झिवा म्हणजे असं नातं, की एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि कुणी रागवायचं नाही. तेव्हापासून तो मला 'बोळक्या' म्हणायचा आणि मी त्याला 'निवडुंगखाऊ'. दुष्काळात त्यांच्याकडे निवडुंगाची बोंडं खाऊन दिवस काढतात. त्सिवुने या नावाचा अर्थ 'मारता न येणारा'. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईने ते ठेवलं होतं.

त्याने रान जाळणं सोडलं ते आमच्या धाकाने नव्हे. एका वर्षी आग विझल्यावर तो आणि त्याची बायको सुआझारा राखेत मका टोकत होते. टोकायच्या काठीखाली काहीतरी कडकडलं. त्याने राख बाजूला केली. कासव होतं, भाजून फुटलेलं. आमच्याकडची ही चपट्या शेपटीची कासवं उन्हाळाभर पालापाचोळ्याखाली निजून असतात आणि फक्त पावसात वर येतात, म्हणून त्यांना भुताची कासवं म्हणतात. त्या एका वावरात त्याला एकोणीस कवचं सापडली. अंतान्द्रुई माणूस कासव खात नाही, मारत नाही, त्याला हातही लावत नाही. त्याच पावसात त्याची पाच वर्षांची मुलगी तापाने गेली. त्याने चालीप्रमाणे ती ज्या झोपडीत गेली ती झोपडी जाळली, आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड समितीच्या ओट्यावर आणून टाकली.

सुआझाराचा थोरला भाऊ रेमाझा रान जाळणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता. सगळ्यांसमोर तो त्सिवुनेला म्हणाला, "ताप डासाने येतो, गाढवा. कासवाने नाही."

"तुझ्या पोरीला येऊ दे, मग सांग."

रेमाझाने त्याला तिथेच लाथ घातली. त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं.

माग काढण्यात मात्र त्सिवुनेसारखा माणूस मी पाहिला नाही. पानगळ झालेल्या रानात जमिनीवर सगळीकडे वाळलेली पानं, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. त्यातून हा मांजरासारखा चालायचा. म्हणून राजधानीहून हानित्राबाई आल्या, तेव्हा त्यांनी त्यालाच वाटाड्या घेतलं आणि सामानाला मला. बाई जनावरांच्या डॉक्टर. नदीपासून खाऱ्या तळ्यापर्यंत पाच दिवस पायी जायचं आणि वाटेत फूसा मोजायचे, असं काम होतं. फूसा म्हणजे आमच्या रानातला वाघच म्हणा. अंग कुत्र्याएवढं, शेपटी अंगाइतकीच लांब, चाल बिबट्याची.

ऑक्टोबर होता. झाडावर पान नाही, ओढ्यात थेंब नाही. बाओबाब तेवढे पोटात पाणी धरून उभे. दुसऱ्या दिवशी त्सिवुनेने हात वर करून आम्हाला थांबवलं. एका उंच झाडाच्या फांदीवर मादी पसरली होती आणि खाली चार नर जुंपले होते. माजाचे दिवस. एकाने दुसऱ्याचा कान मुळापासून उपटला. तिसरा बुंध्यावर अर्धा चढला होता, त्याला खालच्याने मागच्या पायाला धरून ओढलं आणि मांडीचं कातडं मोज्यासारखं सोलून काढलं. किंकाळ्यांनी माझे तर दात शिवशिवले, होते तेवढे.

"बाई, लिहा," त्सिवुने कुजबुजला. "चार नर. नाही, साडेतीन."

बाईंना हसू आवरेना.

तिसऱ्या दिवशी आमच्या डोक्यावरून सिफाकांचा कळप गेला, पांढरी शुभ्र माकडं, एका बुंध्यावरून दुसऱ्या बुंध्यावर उभ्याउभ्या उड्या घेत. शेवटच्या माकडिणीच्या पाठीला पिल्लू होतं. तिची उडी पुरी व्हायच्या आत फूसाने तिला धरलं. कुठून आला ते त्सिवुनेलाही दिसलं नाही. पिल्लू पडलं, ते मी उचलायला धावलो, तर त्सिवुनेने माझी मान धरून मला खाली बसवलं. "त्याचं जेवण आहे, बोळक्या. मध्ये तोंड घालू नकोस." फूसा आईला खाऊन परत आला आणि पिल्लूही घेऊन गेला.

चौथ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडींचे आवाज आले. कोस-दीड कोस रान आडवं पाडून वाळवलेलं होतं. मध्येच बाओबाब तेवढे उभे, कारण त्यांना तोडून उपयोग नसतो. बारा माणसं कडेने वाळका पाला रचत होती.

"मागे फिरू," त्सिवुने म्हणाला. "ही रेमाझाची माणसं आहेत."

बाईंनी ऐकलं नाही. त्यांना फोटो हवे होते. शहरात कुणी विश्वास ठेवत नाही, पुरावा लागतो, असं म्हणाल्या. त्यांनी पाचसहा फोटो काढले असतील. तेवढ्यात मागून आवाज आला.

"या जावईबापू! सासुरवाडीला आलात, तेही रिकाम्या हातानं?"

रेमाझा हसत होता. त्याच्या मागे सहा जण भाले घेऊन उभे होते. एकाने बाईंच्या गळ्यातला कॅमेरा ओढला आणि कुऱ्हाडीच्या पाठीने दगडावर ठेचला. बाईंनी त्याचा हात धरला, तर त्याने त्यांच्या तोंडात मारली. मी काठी उगारली आणि भाला माझ्या मांडीतून आरपार गेला. आधी कळलंच नाही. मग पायाखाली ओलं लागलं.

त्सिवुने एकट्याने तिघांना लोळवलं. एकाचं नाक फोडलं, एकाचा अंगठा चावून तोडला. शेवटी सगळे अंगावर पडले तेव्हा तो खाली आला. त्यांनी त्याला तोंड फुटेस्तोवर मारलं आणि सालीच्या दोराने एका झाडाला बांधलं.

"काय रे, पोटापेक्षा कासवं मोठी झाली तुला?" रेमाझाने विचारलं.

"तू मक्याचा गडी आहेस, रेमाझा. मका मोरोन्दावा शहरातल्या शेटजीच्या गुदामात जातो, तुझ्या पोटात काय जातं?"

रेमाझाने त्याच्या पोटात गुडघा घातला. "मारणार नाही तुला. वारा पलीकडे वाहतोय, तुला झळसुद्धा लागणार नाही. इथे उभा राहा आणि बघ, तुझं रान कसं जातं ते."

माझ्या मांडीतला भाला उपटून त्यांनी बाजूला फेकला आणि मला, बाईंना ढकलत पायवाटेला लावलं. मागे वळलात तर दुसरी मांडीही फोडू, असं बजावून ते आग लावायला गेले.

एरवी ही माणसं पहाटे आग लावतात आणि ऊन चढायच्या आत काम संपवतात. कारण आमच्याकडे रोज दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि सगळं उलटं फिरतं. त्या दिवशी आमच्याशी मारामारी करण्यात त्यांची सकाळ गेली. मी एका झाडाखाली पडलो होतो, बाई आपल्या ओढणीने माझी मांडी आवळत होत्या, आणि माझ्या कानाला गार वारा लागला. पाठीमागून, समुद्राकडून, आग होती त्या बाजूने.

"बाई, वारा फिरला," मी म्हणालो. "तो जळेल."

मला उभं राहता येत नव्हतं. बाई एकट्या गेल्या. मी मागोमाग सरपटत निघालो. आमचा चाकू रेमाझाच्या माणसांनी काढून घेतला होता, म्हणून बाईंनी ठेचलेल्या कॅमेऱ्याची काच उचलली आणि तिने दोर कापायला घेतला. त्यांच्या तळव्यातून रक्त गळत होतं आणि दोर काही तुटेना. पलीकडे ज्वाळा झाडापेक्षा उंच झाल्या होत्या. गरम हवेने फुटणाऱ्या बांबूसारखे आवाज येत होते. दोर तुटला तसा त्सिवुने गुडघ्यांवर पडला.

तेव्हा धुरातून जाळणारे धावत आमच्याच बाजूला आले. एकाच्या पाठीवरचा सदरा पेटलेला होता. सगळे आमच्या अंगावरून पळाले, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सर्वांत शेवटी रेमाझा आला. त्याच्या हातात काही नव्हतं. हे मी स्वच्छ पाहिलं.

त्सिवुनेने जमिनीवरचा भाला उचलला, माझ्याच रक्ताने भरलेला, आणि फेकला. तो रेमाझाच्या बरगड्यांत बसला. रेमाझा दोन पावलं चालला आणि पालथा पडला. आग त्याच्यामागे साठ-सत्तर पावलांवर होती.

"चल," त्सिवुने मला म्हणाला. माझ्या काखेत हात घालून त्याने मला उचललं. आम्ही वीसेक पावलं गेलो असू.

"त्सिवुने!" मागून हाक आली. त्यात रडणं नव्हतं. "सुआझाराला तू स्वतः सांग. दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस तिला."

त्सिवुने थांबला. त्याने मला बाईंच्या अंगावर टाकलं, रेमाझाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मागे धावला. धुरात दिसेनासा झाला. बाई त्याच्या नावाने ओरडत होत्या. मी मनातल्या मनात त्याला मेलेला धरला होता. मग तो आला. केस जळालेले, पाठीवर रेमाझा, आणि एक पेटती वेल त्याच्या डाव्या डोळ्यावर चिकटलेली. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्याला ती काढता आली नव्हती.

ओढ्याच्या वाळूत आम्ही बसलो आणि आग वरून निघून गेली. नंतर रेमाझाची दोन माणसं परत आली, अंगठा तुटलेला आणि नाक फुटलेला. त्यांनी दोन काठ्या आणि पोती घेऊन डोली केली. दोन दिवस त्या दोघांनी आणि त्सिवुनेने रेमाझाला वाहून नेलं. मला बाईंनी वाटेत मिळालेल्या बैलगाडीवर घातलं होतं; रेमाझाला तिचे हादरे सोसले नसते. वाटेत रेमाझा तापात बरळायचा, "दाजी, पाणी." त्सिवुने त्याच्या ओठाला पाणी लावायचा आणि म्हणायचा, "गप पड, हरामखोरा." भाला लागल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी मोरोन्दावाच्या दवाखान्यात रेमाझा वारला.

त्सिवुने तिथून सरळ सुआझाराकडे गेला. ती भात कांडत होती. त्याने दारातच सांगितलं, "तुझा भाऊ मेला. भाला मी मारला." तिने हातातलं मुसळ त्याला मारलं, खांद्यावर, मग डोक्यावर, मग जिथे लागेल तिथे. शेजारणींनी ओढेपर्यंत ती मारत होती. त्याने हातसुद्धा वर केला नाही.

खटल्याआधी मी त्याला भेटलो. "मी सांगणार आहे," म्हणालो, "की रेमाझाच्या हातात भाला होता आणि तो तुझ्यावर धावून आला. बाईही तसंच सांगतील."

"बाईंनी धुरात काही पाहिलं नाही. तू पाहिलंस," तो म्हणाला. "तो पळत होता, बोळक्या. आगीपासून पळत होता. मी त्याला मारला कारण मला मारायचा होता."

"निवडुंगखाऊ, डोकं भाजलंय तुझं. वर्षानुवर्षं आत बसशील."

"बसेन."

कोर्टात त्याने तेच सांगितलं, अर्ध्या मिनिटात. मला कुणी काही विचारलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्याची मला आजही लाज वाटते. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. आग कुणासाठी लावली होती, याचा तपास झाला नाही.

सुआझारा भावाचं प्रेत घेऊन दक्षिणेला गेली. ती परत येणार नाही असं सगळे धरून चालले होते. तिसऱ्या वर्षी ती आली. कुबट मळक्या लुगड्यात, डोक्यावर उकडलेल्या कसाव्याच्या कंदांची टोपली. तुरुंगाच्या फाटकाशी मीही होतो, तंबाखू द्यायला गेलेलो. गजांच्या दोन बाजूंना ती दोघं उभी राहिली. त्याचा डावा डोळा तोवर पार पांढरा झाला होता.

"तू त्याला मारलंस," ती म्हणाली.

"हो."

"आणि आगीतून आणलंसही. दोन्ही माझ्या ध्यानात राहील. एकाने दुसरं फिटत नाही."

"नाही फिटत."

"खा," म्हणाली, आणि गजांतून कसावा आत सरकवला.

आता ती दोघं ओढ्याच्या काठाला राहतात. जळालेल्या त्या रानात तीन हंगाम मका झाला, मग काटेरी झुडपं माजली आणि माणसं पुढे निघून गेली. बाओबाब उभे आहेत, एकमेकांपासून लांब लांब. त्सिवुने एका डोळ्यानेही माझ्यापेक्षा चांगला माग काढतो. सुआझारा कधी कधी चार-चार दिवस त्याच्याशी बोलत नाही. असे दिवस आले की तो माझ्याकडे येतो, अंगणात बसतो, मला दोन शिव्या देतो, आणि ऊन उतरलं की घरी जातो.