राजाच्या तलवारबाजांचे निळे झगे

आदरणीय सिद्धाराम बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या दुकानात झाली. दुकान उघडून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि पायरी चढणारे सर हे चौथे गिऱ्हाईक. काखेत जाडजूड पुस्तक, नाकावर घसरलेला चष्मा. मी टेप घेऊन कमरेचे माप घ्यायला वाकलो, तर म्हणाले, "पँट नको हो. तलवार लटकवायची आहे. चालताना पायात येणार नाही असा पट्टा शिवता येईल का?"

मनात म्हटले, व्यंकटेश बोद्दुल, झाले तुझे कल्याण! पण सरांनी खुर्ची ओढली, पुस्तक उघडले आणि दीड तास मला फ्रान्समध्ये फिरवून आणले. तोवर चहा दोनदा झाला. त्या पट्ट्यात मी जो अडकलो तो आजपर्यंत सुटलेलो नाही.

सरांनी सोलापुरातल्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. शनिवारच्या शेवटच्या तासाला मात्र ते एक जुनी फ्रेंच साहसकादंबरी मराठीत सांगत. अभ्यासक्रमातली एखादी लढाई राहून गेली तरी चालेल, पण राजाच्या तलवारबाजांना कड्यावर लटकत ठेवून घंटा होता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, सरांनी त्याच कादंबरीवर मराठी सिनेमा काढला. घरी बिराजदार काकू कपाळावर हात मारून म्हणत, "अय्यो, अक्कलकोटला चला म्हटलं की यांचे गुडघे दुखतात, आणि तलवारी घेऊन पळायला बरे चालतात!"

सरांइतका कोणालाही न दुखावणारा माणूस मी पाहिला नाही. आमचे कॅमेरामन लग्नाच्या शूटिंगवाले होते. त्यांनी सवयीने प्रत्येक मरणाऱ्या शत्रूभोवती गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या. आम्ही डोक्याला हात लावला. सर म्हणाले, "राहू द्या. मेलेल्याला फुलं वाहायचीच असतात." घोडा मिळाला तो मोडनिंबच्या म्हाळाप्पांचा, वरातीतला. म्हाळाप्पांनी आधीच बजावले होते, "सर, घोडं लई गरीब हाय. फकस्त हलगी वाजली की नाचतंय." पाठलागाच्या नेमक्या वेळी शेजारच्या वस्तीवर हलगी वाजली आणि आमचा दुष्ट सरदार तलवार उपसून जागच्या जागी नाचू लागला. सरांनी तिथेच वही काढली आणि सरदाराचा घोडासुद्धा माजोरी आहे असे एक वाक्य घातले. म्हाळाप्पांना उलट शब्द बोलले नाहीत.

आता जे सांगतो ते मला आजवर सांगता आले नव्हते. तलवारबाजांच्या झग्यांसाठी सरांनी निळी मखमल सांगितली होती. मी पडलो अतिशहाणा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्किश टॉवेलचा ढीग पडून होता, कुठल्याशा लॉजने ऑर्डर देऊन पाठ फिरवलेला. हातात घेतला, वजनदार होता, घोळही सुरेख पडत होता. सरांना म्हणालो, "पडद्यावर मखमलच दिसणार. शिंप्याचा शब्द आहे." सर "बरं नाही दिसणार रे" म्हणत राहिले. मी ऐकले नाही. चार-चार टॉवेल जोडून, पिंपात निळा रंग कालवून मी झगे करून टाकले. लॉजवाल्यांनी टॉवेलवर काही अक्षरे विणून घेतली होती. पण ती अक्षरे लवेत दडली होती आणि वरून निळा रंग बसलेला. कोरडी असताना मला ती दिसली नाहीत, हे देवाशपथ खरे.

शेवटचा प्रसंग असा, की नायक राणीचे पत्र दातांत धरून खंदक पोहून येतो आणि मित्रांच्या मांडीवर प्राण सोडतो. हे मरण सरांनी अकरा वेळा लिहिले होते. इथे माणूस रडला नाही तर सिनेमा फुकट, असे ते म्हणत. खंदक म्हणून म्हाळाप्पांचे शेततळे, नायक म्हणून शाळेतले पी.टी.चे गायकवाड सर. गायकवाड सरांनी उडी मारली आणि झग्याने निम्मे तळे पिऊन घेतले! त्यात तळ्याला प्लॅस्टिकचा कागद, पाय ठरेना. काठावरून म्हाळाप्पा ओरडले, "अवो सर, झगा सोडा की! म्हस बरी निगती पाण्यातनं!" शेवटी दोर टाकून राजाचा तलवारबाज बाहेर ओढला. झग्याचा रंग उतरून तो निळा झाला होता. मरण्यापूर्वी त्याने झग्याच्या टोकाने तोंड पुसले, मान पुसली, कानसुद्धा पुसले, आणि मग प्राण सोडला. टॉवेल हाती आला की माणूस दुसरे काय करणार?

मित्रांनी त्याला उचलले, तेव्हा त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती. भिजून लव बसली होती आणि पाठभर अक्षरे उघडी पडली होती: "टॉवेल खोलीबाहेर नेऊ नये." मी ती वाचली. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन त्यांनी सिनेमापायी पुढे ढकललेले, त्यांना काही दिसले नाही. कॅमेरामन पाकळ्या कुठे उडवायच्या या विचारात. मी गप्प बसलो. इतके कोण वाचतेय, म्हटले.

सगळ्या सोलापूरने वाचले. शाळेच्या हॉलमध्ये पहिला खेळ झाला, बायका पदर डोळ्यांना लावायच्या तयारीत होत्या, आणि पडद्यावर ती पाठ आली. मागून कोणीतरी मोठ्याने वाचले. मग जे हसू फुटले ते सिनेमा संपला तरी थांबेना. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष बसले होते. पुढच्याच आठवड्यात संपूर्ण शाळेचे गणवेश कोणाला द्यायचे हे ते ठरवणार होते. भावाचा माग बंद पडलेला, घरात दोन मुली, माझ्या दुकानाचा सगळा जीव त्या एका ऑर्डरीत. ती गेली असती तर शटर ओढायचे, एवढेच राहिले असते.

दिवे लागले. अध्यक्ष लालबुंद होऊन उठले. "शाळेची शोभा केलीत! हे कापड कोणी निवडलं?"

तेवढ्यात सर काठी टेकत मंचावर गेले. "मी निवडलं. बोद्दुल मखमलच म्हणत होते. मीच हट्ट केला."

गणवेश मला मिळाले. त्यावर मुली शिकल्या, थोरली आज नर्स आहे. सरांना मात्र त्या दिवसापासून गाव "टॉवेल सर" म्हणते. मंडईत भाजीवालीसुद्धा म्हणते आणि सर हसून वळून बघतात. पण तो सिनेमा त्यांनी पुन्हा कोणाला दाखवला नाही, हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन पाय धरले होते. सर म्हणाले, "ऊठ. मी रिटायर माणूस, मला हसले तर हसले. तुझ्या दुकानाला हसले असते तर?" मग चष्मा पुसत म्हणाले, "पण अक्षरं दिसली तेव्हाच बोलायचंस की रे. गायकवाडांना पुन्हा पाण्यात टाकलं असतं!" आयुष्यात त्यांनी माझ्याविरुद्ध केलेली ही एकुलती एक तक्रार.

सर, परवा तुम्ही फोन करून म्हणालात, "ते झग्याचं लिहू नकोस." तुमचे आजवर कापड सोडून सगळे ऐकले. हेही ऐकणार नाही. तुमच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात छापून येऊ द्या की तो टॉवेल माझा होता, हट्ट माझा होता आणि गप्प बसणाराही मीच होतो. समारंभात तो सिनेमा लावाच. आता मोतीबिंदूही निघाला आहे, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचे. सुरू होण्याआधी मी उभा राहून सगळे सांगेन.

ग्रामदैवत सिद्धेश्वर तुम्हाला ठणठणीत शंभरी देवो, गुडघ्यांसकट. आणि उद्यापासून मंडईत कोणी "टॉवेल" म्हणून हाक मारली, तर तुम्ही वळायचे नाही, सर. ती हाक माझी आहे.