मामांचा ज्वालामुखी

डहाणू-तलासरीत जमिनीवर कुणाचं काय चाललंय हे सांगणारी माणसं पैशाला पासरी. पण जमिनीखाली काय होऊन गेलंय हे सांगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. चिखल्याला त्यांची चिकूची वाडी. लग्नानंतर पहिल्यांदा नमस्काराला गेलो, तर आशीर्वादाआधी त्यांनी अंगणातला एक काळा दगड माझ्या हातात दिला. म्हणाले, "जावईबापू, हा एकेकाळी पातळ होता. पाकासारखा!" मी घाबरून तो खाली ठेवला.

या वेडाचं मूळ म्हणजे वाडीत एकदा उतरलेले कॉलेजचे एक प्राध्यापक. डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचा गळा असावा, असं ते जेवताना सहज बोलून गेले. ते गेले, मामा मात्र कामातून गेले. मामी म्हणत, "देवीचा डोंगर आहे तो. त्याला गळाबिळा काढू नका." त्यावर मामा हात जोडून सांगत, "अगं, देवी बसलीय म्हणून तर तो गप्प आहे!" लोक लग्नाला जातात तसे मामा विहिरीच्या खोदकामाला जात, तेही बिनआमंत्रणाचे, माझ्या स्कूटरवर मागे बसून. काढलेल्या दगडांच्या ढिगावर बसायचं आणि हा लाव्हाचा पहिला लोट, मधली लाल माती म्हणजे विश्रांती, हा दुसरा लोट, असं सांगत सुटायचं. शंका आली की दगड सरळ चाटून बघायचा. तलासरीजवळच्या एका पाड्यावर खोदणाऱ्या म्हाताऱ्यानं वैतागून विचारलं, "बाबा, पानी कवा लागंल ता सांग. आग कवा लागली व्हती, ता कशाला?" मामा म्हणाले, "लाल थरापर्यंत खणा, त्याच्यावर ओल असते." पाणी लागलं. तेव्हापासून त्या पाड्यावर मामांना चहा मिळू लागला आणि व्याख्यानं आणखी लांबली. मी मात्र, खरं सांगतो, ती सगळी जांभया दाबत ऐकली.

मामांची एकच इच्छा होती, कच्छचं वाळवंट बघायची. "आपल्याकडचीच आग तिकडेही उसळली," ते म्हणत. "पण इथं पावसानं आणि झाडीनं सगळं झाकून टाकलं. तिथं काही झाकलेलं नाही. धिणोधर डोंगराचा गळा उघडा दिसतो!" पण चिकू बारा महिने धरतो, त्यामुळे वाडीनं त्यांना कधी सोडलंच नाही. मग मामांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवू. त्याच संध्याकाळी मामींचा फोन आला. "जावईबापू, यांना त्यांचा तो मेला डोंगर दाखवून आणा. वाडी मी बघते."

दोन हजार सतराच्या हिवाळ्यात आम्ही दोघं गेलो. भुजला गाडी ठरवली. सगळे पांढरं वाळवंट बघायला येतात, म्हणून ड्रायव्हरनं विचारलं, "काका, सफेद रण जोवुं नथी?" मामा म्हणाले, "ए तो मीठुं छे, भाई. मीठुं तो घरमां पण छे." आणि थेट धिणोधरच्या पायथ्याशी उतरलो. चहूकडे पिवळा, कोरडा माळ आणि मधोमध तो डोंगर. मामांनी पहिला दगड उचलला, चाटला आणि लहान मुलासारखे खूश झाले. मग मान वर केली, डोळे बारीक केले.

"जावईबापू," ते म्हणाले, "नुसती सावली दिसतेय हो."

त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. काय करावं सुचेना, म्हणून मी बोलू लागलो. मामा, वर दगडाचे खांब उभे आहेत, ओळीनं, निवताना तडकलेले. बाजूचा मऊ दगड झिजून गेलाय, कठीण गळा तेवढा उरलाय. डावीकडे लोट उतरलाय, त्याच्या कडेनं माती लाल भाजलीय. हे सगळं मला येतं, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मामा डोळे मिटून मान डोलवत होते. "बरोबर," म्हणत होते. "पुढे?"

मागे गाडीतून ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

"वाजवू दे त्याला," मामा म्हणाले. "तुम्ही सांगा."