हाक न मारणारे तात सेव्हेरियानो

तात सेव्हेरियानो पेच मुलाला नावानं हाक मारत नाहीत. जेवायला बोलवायचं तर कोयत्याची पाठ दगडावर आपटत, दोनदा. दोनदा वाजलं की एर्मिलो येई. एकदाच वाजलं तर जागचा हलत नसे.

तात शकानिलच्या पडक्या शहराचे पहारेकरी. चाळीस वर्षांत खोदकामाचे किती साहेब आले-गेले. तातांना सगळ्यांचे आवाज काढता येतात. सध्याचं खोदकाम चालवणाऱ्या मेरिदाच्या डॉक्टरांचा तर हुबेहूब: आधी घसा खाकरायचा, मग "मुलांनो, विज्ञान कुणासाठी थांबत नसतं!"

शहर ओस का पडलं, यावर तात आणि डॉक्टर दोघांचं जमेना. डॉक्टर म्हणत, दुष्काळ. हजार वर्षांपूर्वी पाण्याची टाकी आटली, लोक निघून गेले.

"तहानेनं निघालेला माणूस घागर बरोबर नेतो हो," तात म्हणत. "इथं मडकी चुलीवरच राहिलीत. एकेकाला हाक मारून नेलंय. घरच्याच आवाजात."

"आणि कुणी विचारलं नाही, कोण ते?" डॉक्टर म्हणत.

"घरच्याला कोण विचारतं?"

गेल्या वर्षी मोठ्या देवळाच्या पोटातलं बुजवलेलं दार फोडायचं ठरलं. दारापर्यंत खणलेल्या बोगद्यात सगळ्यांच्या पुढे एर्मिलो. खोदण्याआधी आम्ही मजूर जागेच्या न दिसणाऱ्या मालकांना मक्याचं पांढरं पाणी ठेवतो. तो मका चुन्याशिवाय शिजवायचा. चुन्यातला मका माणसांच्या भाकरीसाठी; तो मालकांना ठेवला तर परवानगी मिळत नाही. तातांनी चार कोपऱ्यांत चार तुंब्या ठेवल्या, परवानगी मागितली, माणसं आत गेली. उरलेलं पाणी रीतीप्रमाणे स्वतः प्यायला घेतलं, आणि घोट तोंडातच राहिला.

चुना.

"क्लोतिल्दे, कुठल्या हंड्यातला मका दळलास?"

"डावीकडच्या. तुम्हीच म्हणालात ना!" तातांची बायको, आमच्या काकू, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"तुझ्या डावीकडच्या की माझ्या?"

काकूंचे हात खाली आले.

तात बोगद्याच्या तोंडाशी धावले. "एर्मिलो, बाहेर ये!"

"दार हललंय, तात! जरा दम धरा की!" आतून हसू आलं.

"एर्मिलो, ऐक माझं!"

"म्हाताऱ्याला भूक लागली वाटतं!" दुसरं कुणीतरी.

तातांनी घसा खाकरला. "मुलांनो! सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

पटापट सगळे बाहेर. धुळीनं पांढरे, एर्मिलो शेवटी. झाडाखाली बसलेले डॉक्टर तरातरा आले. "मी कधी बोललो?" त्यावर सगळे असे खिदळले की पोटं धरली.

तेवढ्यात बोगद्यात कुणीतरी घसा खाकरला.

"मुलांनो, विज्ञान कुणासाठी थांबत नसतं."

डॉक्टर आमच्यातच उभे होते, तोंड मिटून. मग आतून तातांचा आवाज आला, लाडीगोडीचा: "एर्मिलो, ये रे बाळा. आत ये."

एर्मिलोनं पाऊल उचललंही होतं. तातांनी त्याचा सदरा मागून धरला, तो फाटला तरी सोडला नाही.

डॉक्टर पुढे म्हणाले, प्रतिध्वनी. पण बोगदा बुजवायचा हुकूम त्यांनीच दिला, तोही हातानं खुणावून.

तेव्हापासून हाक बंद, कोयता सुरू.

गेल्या मंगळवारी एर्मिलो मक्याच्या शेतात होता. देवळाच्या बाजूनं दगडावर काहीतरी वाजलं. एकदा. तो हलला नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा वाजलं.

दोनदा.

एर्मिलोनं आपला कोयता खाली टाकला आणि मागे न बघता घर गाठलं. तात दारातच बसले होते. त्यांचा कोयता भिंतीला टांगलेला.

आता तात रोज दुपारी शेतात जातात. बोलत नाहीत, वाजवत नाहीत. तिशीतल्या मुलाचा हात धरून त्याला घरी आणतात. आणि एर्मिलो आधी तो हात नीट चाचपून बघतो.