मास्तरांच्या गाडीचे इंजिन

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मालवणजवळच्या एका गॅरेजातून आम्ही जुनी मोटार ताब्यात घेतली. तिच्या इंजिनचा नंबर नोंदणीशी जुळत नव्हता.

खबर अशी होती की फोंडाघाट उतरून आलेल्या टेम्पोतून एक इंजिन आले असून मेकॅनिक शटर ओढून काम करतो आहे. चोरीच्या गाड्यांचे भाग त्या वाटेने येत असत. मेकॅनिकला ठाण्यात आणले. जुने इंजिन गेले, म्हणून कोल्हापूरहून रिबिल्ट इंजिन आणून बसवले, एवढेच तो बोलला. शटर का ओढले, यावर उत्तर एकच: "मास्तरांका इचारा."

मास्तर म्हणजे देवबागचे निवृत्त ख्रिस्ती शिक्षक. गाडी पत्नीच्या नावावर होती. इंजिन कशाने गेले, हे मात्र ते सांगेनात. निर्दोष माणूस सहसा जास्त बोलतो. हे गप्प होते, म्हणून संशय वाढला.

पंचनाम्याच्या वेळी हवालदाराला गाडीच्या मागच्या हुकात दोराचे धागे सापडले. तो किनाऱ्यावरचाच. म्हणाला, "साहेब, ह्यो रापणीचो दोर."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे. दोराला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा, हा तिथला रिवाज.

धागे समोर ठेवल्यावर मास्तर बोलले. लांबलेल्या आजारात पत्नीने अन्न टाकले होते. एके दिवशी तिने रापणीचे ताजे बांगडे मागितले. गुडघेदुखीमुळे मास्तरांना दोर ओढवेना. त्यांनी तो गाडीला बांधला. चाके ओल्या वाळूत रुतली, ते रेस करत राहिले आणि इंजिन तापून जाम झाले. रापणकर पोटभर हसले, पण वाटा दिला.

गाडीची मालकीण म्हणून पत्नीचा जबाब लागेल, असे मी सांगितले.

"साहेब, तिका कळला तर ती परत कायच मागूची नाय." म्हणूनच मास्तरांनी मेकॅनिकला शटर ओढायला लावले होते.

इंजिनचा व्यवहार खरा असल्याचे कोल्हापूरहून कळले. गुन्हा नव्हता, गाडी सोडून दिली; आरटीओकडे बदलाची नोंद तेवढी राहिली होती. अर्जावर सही घ्यायला मी साध्या कपड्यांत घरी गेलो. मास्तर आत कॉफी करत होते. बाईंनी सही केली आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "गाडीचो आवाज बदललो, तेव्हाच माका कळला. तेंका सांगू नकात."

मी सांगितले नाही.

पुढे हवालदाराने देवबागची हकीकत कळवली. रापण लागली होती. गाडी वर माडांखाली उभी होती. बाई वाळूत खुर्ची टाकून बसल्या होत्या. दोराचे टोक दोघांच्या हातात होते. रापणकरांनी दोन वाटे दिले.